बोटीच्या संडासाचा कॉक

जी गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, ती आधीच सांगून टाकतो. चार वर्षांपूर्वी आष्टीच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात, एक मोटारबोट बुडाली. ती माझ्यामुळे बुडाली. शिक्षा मात्र दुसऱ्याच माणसाला झाली, आणि ती होत असताना मी त्याच्यापासून चार हातांवर पाना घेऊन उभा होतो. बायकोला हे माहीत नाही. ज्या माणसाला शिक्षा झाली त्यालाही माहीत नाही. हे शेवटचं सगळ्यात वाईट आहे, पण ते मला फार उशिरा कळलं.

मी नळकाम करणारा मिस्तरी. जालन्यात मस्तगडच्या एका बोळात राहतो. तीस वर्षं लोकांच्या घरचे संडास, मोऱ्या, टाक्या बसवल्या. आमच्याकडे नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी येतं, त्यामुळे नळवाल्याला बोलावतात ते जास्त करून पाणी साठवायला आणि ते गळू नये म्हणून. "याचा जॉइंट गळत नाही" एवढी एकच ओळख मी कमावलेली होती.

आता जालन्यासारख्या गावात बोट कुठून आली, असं कुणीही विचारील. आमच्याकडे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत आणि भट्ट्यांना भंगार लागतं. समुद्रकाठी फोडलेल्या जहाजांचे तुकडे ट्रक भरभरून येतात. ज्यांनी जन्मात समुद्र बघितला नाही त्यांनी जहाजाची साखळी, जहाजाचा दरवाजा, जहाजाची शिडी बघितलेली असते. भंगाराच्या अशाच एका सौद्यात एका शेटजींकडे ही बोट आली. घराणं मारवाडी, जैन, चार-पाच पिढ्या जालन्यातच. बोट फायबरची, म्हणजे भट्टीच्या काहीच उपयोगाची नाही. शेटजींनी ती ठेवून घेतली. इंजिन दुरुस्त झालं, रंग झाला, आणि धरणाकाठी त्यांची जमीन होती तिथं नेऊन पाण्यात सोडली. रीतसर परवानगी काढली होती. घरच्या बायका-माणसांनी रविवारी सकाळी यायचं, दिवसभर पाण्यावर फिरायचं, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची आणि परत जायचं, असा बेत.

बेत अडला तो संडासापाशी. बोटीत संडास होता, पण बंद पडलेला आणि भयंकर वास मारणारा. शेटजींच्या आईनं स्वच्छ सांगितलं की सोय झाल्याशिवाय घरातली एकही बाई त्या बोटीत पाय ठेवणार नाही. म्हणून मला बोलावणं आलं.

"मिस्तरी, बोटीचं काम केलंय का कधी?" शेटजींनी विचारलं.

"न्हाई. पण संडासच हाय ना?"

"संडासच आहे. एक गोष्ट ध्यानात ठेव. जुन्या मालकाचं सगळं सरळ पाण्यात जात होतं. आपल्याला ते चालायचं नाही. पाण्यात जीव असतात. एक थेंब बाहेर जाता कामा नये. बराबर टाकी बसव."

मला ते पटलं. कामाला मी मोठ्या उत्साहानं गेलो. खरं सांगायचं तर इतका उत्साह मला मुलीच्या लग्नात पण नव्हता. तीस वर्षं तेच भांडं, तोच चार इंची पाइप, तेच सिमेंट. आणि आता एकदम, तरंगणारा संडास.

बोटीवर एक राखणदार होता. माझ्याच वयाचा, जवळच्याच वस्तीवरचा. घराणं मेंढपाळांचं. बाप-आजा मेंढरं घेऊन फिरले, त्याच्या वाटणीला दोन एकर कोरडवाहू आणि थोडी जनावरं आली. धरणाचं पाणी कुठं खोल आहे, कुठं बुडालेल्या बांधावर बोट घासते, हे त्याला पाठ होतं, म्हणून शेटजींनी ठेवला. पुढं तो बोट चालवायलाही शिकला. तो मला "मिस्तरी" म्हणायचा, मी त्याला "पाव्हणं" म्हणायचो. चार दिवस तो माझ्याजवळ बॅटरी धरून बसला. त्याचं ते काम नव्हतं. पण आत काय आहे हे त्यालाही बघायचं होतं.

बोटीचा संडास म्हणजे एक कपाट. दार उघडायचं, पाठमोरं होऊन आत शिरायचं आणि मान वाकवून बसायचं. भांडं लहान मुलाच्या मापाचं. भांड्याच्या कुशीला एक हातपंप, सायकलच्या पंपासारखा दांडा वर-खाली करायचा. पंपाशेजारी एक खिट्टी. ती एका बाजूला केली आणि दांडा हलवला की बाहेरचं पाणी भांड्यात येतं. दुसऱ्या बाजूला केली की नुसतं भांडं रिकामं होतं. घरी वरच्या टाकीतून पाणी खाली येतं, घाण आपोआप खाली जाते. इथं दोन्ही गोष्टी माणसानं दांडा मारून करायच्या.

"म्हंजे शेटाणीबाई पंप मारणार?" राखणदार म्हणाला.

"मारावाच लागंल."

"मंग सुनाच मारतील," तो म्हणाला आणि बॅटरी हलेपर्यंत हसला.

पंप उघडला. आत रबराच्या झडपा कडक होऊन तडकलेल्या. बाहेर जाणाऱ्या तोंडाशी एक रबरी चोच होती, माशाच्या मिटलेल्या ओठांसारखी. आतून जोर आला की ओठ उघडतात, परतीचं पाणी आलं की आपोआप मिटतात. ती मी हातावर घेऊन किती वेळ फुंकर मारत होतो. एका बाजूनं हवा जाते, दुसऱ्या बाजूनं जात नाही. राखणदारानं पण फुंकून बघितलं. कशातून निघालेली वस्तू आहे हे आम्ही दोघंही त्या घटकेला विसरलो होतो. मग त्यालाच आधी आठवण झाली आणि तो काठावर जाऊन खळाखळा चुळा भरून आला.

पाइपांचं दुसरंच कोडं होतं. एकही जॉइंट ओला नव्हता, तरी वास जात नव्हता. मी सगळं पुसून काढलं, फिनेल टाकलं, वास तसाच. शेवटी गरम पाण्यात फडकं बुडवून पिळलं, ते पाइपाभोवती गुंडाळलं आणि थोड्या वेळानं फडक्याचा वास घेतला. फडकं घाण मारत होतं. म्हणजे पाइप कुठं गळत नव्हता, पाइपच वास पिऊन बसला होता. कापून बघितला तर आत पांढरा कडक थर, बोटभर वाट शिल्लक. आमच्या बोअरच्या पाण्यानं गिझरची नळी अशीच भरते. मला उगाच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

सगळे पाइप बदलायचे ठरले. पंपाच्या रबरांचा नवा संच शेटजींनी मुंबईहून मागवून घेतला. टाकीसाठी मी मोसंबीच्या बागेत फवारणीला वापरतात तसली चौकोनी प्लॅस्टिकची टाकी आणली, बसायच्या बाकाखाली घट्ट बांधली, तिला वर हवा जायला गॅस पाइप काढला. काठावर शोषखड्डा खणला. बोट काठाला आली की पंपानं टाकी तिकडं उपसायची. बाहेर घाण सोडणारं बोटीच्या बुडाचं भोक कायमचं बुजवलं. शेटजींच्या अटीप्रमाणे एक थेंबही बाहेर गेला नसता. आजही जात नाही. तेवढं काम चोख झालं, असं मी आजही म्हणतो.

बाहेरचं पाणी आत घेणारं दुसरं भोक मात्र ठेवावंच लागणार होतं. त्यावर पितळी कॉक होता. तिथून नळी पंपाला येत होती. आणि पंपातून भांड्यात जाणारी नळी, ही चूक तिथं आहे म्हणून नीट सांगतो. पंप आणि भांडं यांच्यात वीतभराचं अंतर. पण ती नळी सरळ जात नव्हती. ती भिंतीला धरून वर चढत होती, जवळजवळ खिडकीपर्यंत, तिथं वळसा घेऊन परत खाली भांड्याकडं येत होती. वळशाच्या अगदी टोकावर प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा, त्यात टिकलीएवढं रबर. बस्स.

मी बघून हसलो. आमच्या धंद्यात पहिला धडा उताराचा. पाणी वर चढवायचं नाही, वाकडं न्यायचं नाही, जितका पाइप कमी तितके जॉइंट कमी, जितके जॉइंट कमी तितकी गळती कमी. मला वाटलं, कुणीतरी शिकाऊ माणसानं उरलेला पाइप जिरवलाय.

"काढून टाकू हे लचांड," मी म्हणालो.

राखणदार बॅटरी त्या वळशावर फिरवत होता. "वर कशाला नेला असंल पर?"

"उगाच."

"उगाच कसं? कुणी तरी भिंतीला भोकं पाडून, पट्ट्या मारून वर नेला. आमचं मेंढरू सुदिक उगाच टेकाड चढत न्हाई. वर काही तरी खायला असतं."

"ह्याला काय खायला हाय वर?"

"ते मला काय माहीत. तुम्ही मिस्तरी."

मी वळसा काढला आणि वीतभर सरळ नळी टाकली. दोन क्लिपा, घट्ट. सुंदर दिसत होतं.

राहिला कॉक. तो जाम झाला होता. तेल सोडून, गरम करून, पान्यानं हळूहळू फिरवला तेव्हा उघडला, पण बंद करताना देठातून थेंब थेंब येऊ लागलं. जुन्या वॉल्वचा आमचा एक नियम आहे. उघडा राहिला तर वर्षानुवर्षं राहतो, रोज हात लावला की गळतो. घरोघर मी हेच सांगत आलो. "मेन वॉल्वला हात लावू नका." तेच मी राखणदाराला सांगितलं. शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. कॉकवर बोट ठेवून म्हणालो, "पाव्हणं, हा उघडाच राहू द्या. ह्याला बिलकुल हात लावायचा न्हाई."

"बंद करायचा न्हाई?"

"कधीच न्हाई."

त्यानं मान हलवली. त्या माणसाला एकदा सांगितलं की पुरे. चाळीस मेंढरांतलं कुठलं कुणाचं हे तो तोंडावरून सांगायचा. त्यांच्यात चार घरं आपापली मेंढरं चाऱ्याच्या दिवसांत एकाच्या हवाली करतात, नुसत्या शब्दावर, कागद नाही. त्यांच्या भावकीत तो "एक" म्हणजे हाच होता.

पुढच्या रविवारी शेटजींचं कुटुंब आलं. दिवसभर बोट फिरली. शेटजींच्या आई उतरताना मला म्हणाल्या, "बेटा, वास कुठंच नाही." मला आभाळ ठेंगणं झालं. राखणदारानं बोट लावली, दोऱ्या बांधल्या आणि शेटजींना विचारून दोन दिवसांसाठी टेंभुर्णीला गेला. तिथं त्याच्या बहिणीच्या घरी जावळाचा कार्यक्रम होता.

मंगळवारी सकाळी मला फोन आला. बोट बसली.

मी पोचलो तेव्हा नुसतं छत दिसत होतं. काठाशी पुरुषभर पाणी होतं म्हणून बोट पूर्ण गेली नाही, चिखलावर टेकली होती. जेसीबी आणि ट्रॅक्टर लावून ती ओढली, पाणी उपसलं. आजूबाजूच्या वस्त्यांवरची पन्नास-साठ माणसं जमली. आमच्या भागात बोट बुडताना बघायला मिळत नाही. शेटजी पांढऱ्या कपड्यांत चिखलात उभे होते. ते ओरडत नव्हते, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती.

"कुठून शिरलं बघ," ते मला म्हणाले आणि माझ्या मागोमाग स्वतः आत आले.

तळाला कुठं चीर नव्हती. संडासाचं भांडं गाळानं भरलेलं. शेटजींनी बॅटरी कॉकवर मारली. "हा उघडा आहे का बंद?"

"उघडा."

"उघडा का?"

तेवढ्यात बाहेर गलका झाला. राखणदार टेंभुर्णीहून आला होता, एसटीतून उतरून तसाच पळत. टोपीवर धूळ, हातात प्रसादाच्या नारळाची पिशवी. आम्ही बाहेर आलो. सगळे लोक गोल करून उभे होते आणि गोलात आम्ही तिघं.

"कॉक उघडा ठेवून गेलास?" शेटजींनी विचारलं.

"व्हय," तो सरळ म्हणाला. "मिस्तरीनंच सांगितलं. हात लावायचा न्हाई म्हणून."

शेटजी माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं?"

इथं मला खोटं बोलायला फार वेळ लागला, असं लिहायला बरं वाटेल. लागला नाही. पाणी नेमकं कसं शिरलं ते मला तेव्हा कळलेलंच नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की साठ माणसं माझ्याकडं बघतायत आणि तीस वर्षांत माझं काम कुठं गळलेलं नाही. मी म्हणालो, "काम झाल्यावर बंद करायचा म्हणून सांगितलं होतं."

राखणदारानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता भांडेल, आईबहीण काढील, गळ्याला येईल. तो नुसता विचारात पडल्यासारखा दिसला. जसं कुणी खिशात ठेवलेली वस्तू चाचपतो आणि ती नसते, तसा. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "कंदुऱ्या खायला गेल्ता, बोट कशाला ध्यानात राहील." लोक हसले. जावळाची कंदुरी होती हे खरंच होतं. जैन माणसाच्या नोकरीत असून मटण खायला गेला, हे त्या हसण्यात आणखी एक.

शेटजींनी त्याला त्याच दिवशी काढलं. शिवी दिली नाही, एवढंच म्हणाले, "तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

आठवड्याभरानं बोट दुरुस्तीला घेतली आणि संडासाचं काम परत माझ्याकडंच आलं. शेटजींचा माझ्यावर राग नव्हता. मी त्या कपाटात एकटाच बसलो आणि मनात कोडं घोळवत राहिलो. कॉक उघडा असला म्हणून काय झालं? घरोघरी मेन वॉल्व उघडाच असतो. मध्ये पंप आहे. कुणी दांडा मारला नाही तर पाणी येईल कसं?

मग मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. बाहेर पाणी कुठवर येतं ते बोटीच्या अंगावरच्या रेघेवरून मापलं आणि तेच माप आतल्या भिंतीवर खडूनं ओढलं. रेघ भांड्याच्या काठाच्या वीतभर वर आली.

मी त्या रेघेकडं बघत राहिलो. माझ्या आयुष्यात पाणी एक तर गच्चीवरच्या टाकीत असतं, नाही तर जमिनीखालच्या हौदात. माणूस संडासात बसलाय आणि त्याच्या कमरेच्या वरपर्यंत चारी बाजूंनी पाणी उभं आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पंपाच्या झडपा आत उघडणाऱ्या. खिट्टी पाण्याच्या बाजूला राहिली असणार, पाहुण्यांना काय ठाऊक. बाहेरचं पाणी झिरपत झिरपत आपली पातळी गाठायला आत आलं, भांडं भरलं, काठावरून सांडलं, बोट जड होऊन खाली गेली, पाणी आणखी जोरात आलं. दोन दिवसांत बोट भरायला एवढं पुरतं. नळी खिडकीपर्यंत वर नेली होती ती यासाठी. पाणी स्वतःहून रेघेच्या वर चढत नाही.

म्हणजे वळसा कळला. पण त्याच्या टोकावरचा टिकलीएवढा तुकडा कळेना. तो कळला घरी. नळाला पाणी आलं होतं, वरच्या ओट्यावरच्या ड्रममधलं पाणी मी नळीनं खालच्या टाकीत सोडत होतो. तोंडानं ओढायचं, धार लागली की सोडून द्यायचं, सगळं जालना असंच करतं. नळी ड्रमच्या काठावर जिथं वाकते तिथं जुनं भोक होतं, त्यावर दोरा गुंडाळलेला. दोरा सुटला, भोकातून हवा शिरली आणि धार तुटली. बायको म्हणाली, "ओढा परत." मी तसाच उभा. एकदा धार लागली की पाणी काठ ओलांडून वर चढूनही खाली येतं, आणि ती धार तोडायला वर हवा लागते. पंप मारून थांबल्यावर वळशातलं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून तिथं हवा घेणारं रबर बसवलेलं होतं. ज्यानं ते बसवलं त्याला हे सगळं माहीत होतं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो आणि परत नळी ओढली.

त्या क्षणी मला भीती नव्हती, लाजसुद्धा नव्हती. आनंद झाला होता, कोडं सुटल्याचा. तो आनंद आज मला सगळ्यात जास्त टोचतो. पहिला विचार आला तो नळीचा, त्या माणसाचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा कॉक टाकला, नळी परत वर चढवली, टोकावर हवेचा तुकडा बसवला. कुणाला काही बोललो नाही. मनाला सांगितलं, चूक सुधारली ना, झालं तर मग. पण त्यातून जे झालं ते मी धरलंच नव्हतं. बोट त्यानंतर एकदाही भरली नाही. नवा राखणदार कॉक कधी बंद करतो, कधी विसरतो, काही फरक पडत नाही. एकदा मी तिथं असताना शेटजी पाहुण्यांना सांगत होते, "संडास तोच, मिस्तरी तोच, बोट तीच. फक्त माणूस बदलला आणि सगळी अडचण संपली." माझ्याकडे बघून म्हणाले, "काय मिस्तरी?" मी मान हलवली. माझ्या गुपचूप दुरुस्तीनं त्याचा गुन्हा शाबीत झाला होता.

मधल्या काळात मी त्याची चौकशी करत राहिलो, आडून आडून. भावकीनं पुढच्या वर्षी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली, असं ऐकलं. कुणी भांडलं नाही. नुसतं त्याच्या दाराशी कुणी विचारायला गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आष्टीच्या बाजारात तो मला दिसला. एका झाडाखाली दोन शेळ्या धरून बसला होता, शेजाऱ्याच्या. मी वळून जाणार होतो, पण त्यानंच हाक मारली.

"मिस्तरी. वळख इसरले काय?"

मी जवळ जाऊन बसलो. चहा मागवला. तो पाऊस, बाजार, गुडघ्याचं दुखणं असं बोलत राहिला. खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला पाच-सहा गाठी होत्या. त्यातली एक सोडत तो म्हणाला, "मिठाची पुडी. ही झाली." मग दुसरीवर बोट ठेवलं. "ही कशाची, थांबा... सुई-दोरा."

"गाठी कशाला?"

"ध्यानात राह्यत न्हाई ना काही." तो हसला. "म्हंजे मला वाटायचं राह्यतं. त्या बोटीच्या वक्ताला कळलं. मी छातीठोक सांगितलं की मिस्तरीनं उघडा ठिवायला सांगितला. मंग घरी जाऊन लई इचार केला. तुम्ही कशाला खोटं बोलसाल? माझ्याशी काय वैर तुमचं? तुम्ही बंदच म्हन्ले असाल. मीच उलटं धरलं. तवापासून माझा माझ्यावर भरवसा न्हाई. भावकीची मेंढरं पण मलाच नको वाटली. त्यांनी इचारलं न्हाई, आन् इचारलं असतं तरी मी घेतली नसती."

चहा आला. त्यानं बशीत ओतून फुंकर मारली. मी सांगायला तोंड उघडलं होतं, हे खरं आहे. मग एक गिऱ्हाईक शेळीचे दात बघायला वाकलं, तो तिकडं वळला, आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. "येतो पाव्हणं," म्हणालो. तो म्हणाला, "या. बरं वाटलं."

त्याची नोकरी गेली, नाव गेलं, हे मी चार वर्षं मनात घोळवत होतो आणि त्यावर काही ना काही उत्तर शोधून ठेवत होतो. शेटजींना सांगून परत लावू, कुठं दुसरीकडं चिकटवू. उपरण्याच्या गाठींवर माझ्याजवळ उत्तर नाही. चाळीस मेंढरं तोंडावरून ओळखणारा माणूस मिठासाठी गाठ मारतो, कारण तो माझ्यावर विश्वास ठेवतो आणि स्वतःवर नाही.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं नाही. तो हे वाचणार नाही. मला आष्टीला जायचं आहे, शेटजींना सोबत घेऊन, त्याच्या भावकीतल्या चार माणसांना बोलावून, आणि त्याच्या तोंडावर सांगायचं आहे की कॉक उघडा ठेव असं मीच म्हणालो होतो, त्याला बरोबर आठवत होतं. एवढं माझ्याकडून बाकी आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.